चाकणला रुजू होताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

जर्मन कंपनीत एचआरला लागलीस, बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात एंगेजमेंट सर्व्हे (कर्मचाऱ्यांना काय वाटतं याची प्रश्नावली), टाउनहॉल (साहेबासमोर सगळ्यांची सभा), ओपन डोअर (थेट साहेबाकडे जायची मुभा), सगळं दाखवलं म्हणतेस. आणि विचारतेस, एवढं असताना युनियन कशाला?

तुझ्या कंपनीच्या मायदेशी हा प्रश्न कुणी असा विचारत नाही. तिथे पाच कायम कामगार असले तरी त्यांना स्वतःची परिषद निवडता येते, आणि शिफ्टच्या वेळा किंवा ओव्हरटाइम ठरवायचा तर मॅनेजमेंटला तिची संमती लागते. दोन हजारांहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत मॅनेजमेंटवर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या, १९७६ च्या कायद्याने. पगारवाढीची बोलणी युनियन करते, परिषद वेगळी. तोच साहेब पुण्यात येतो तेव्हा परिषद नसते, समोर मागणीपत्र घेऊन युनियन बसलेली असते आणि तिच्यात बाहेरचा नेताही असतो. साहेबाला तो घुसखोर वाटतो. पण कामावरून काढलं जाण्याची भीती नसलेला माणूस टेबलाशी असावा, म्हणूनच कामगार त्याला आणतात. (काही नेते या जागेचा धंदा करतात, तेही पाहशील.)

सर्व्हेबद्दल माझं मत कडक आहे. त्यात प्रश्न कंपनीचे असतात. वेल्डिंग शॉपमधला धूर, रात्रपाळीची बस, सुपरवायझरची भाषा हे त्या प्रश्नांत बसत नाही. जपानी कारखान्यांत कायझेनच्या, म्हणजे रोजच्या कामातल्या छोट्या सुधारणांच्या, सूचना ढिगाने येतात आणि त्यांतून काम खरंच सुधारतं. पण ती सूचना कामाबद्दल असते, बोनसबद्दल नाही. दोन्हींना जागा हवी. माझा अनुभव असा, की युनियन जागी असलेल्या कारखान्यात टाउनहॉललाही लोक खरं बोलतात, कारण बोलणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी आहे हे सुपरवायझरला ठाऊक असतं.

कायदा एकदा नीट वाच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनसाठी निदान तीस टक्के सभासद लागतात, आणि मालकाने स्वतःची युनियन उभी करणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात एकाहून जास्त युनियन असल्या तर बोलणी करण्यासाठी एक्कावन्न टक्क्यांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणाकडेच नसेल तर निदान वीस टक्के असलेल्या युनियनांची मिळून बोलणी करणारी परिषद. वीस किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती हवी, दोन्ही बाजूंचे समान सदस्य घेऊन, आणि बायकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा देऊन.

तरी या आवाजाला मर्यादा आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. कंपनीचं मुख्यालय डेट्रॉइटला, कामगार लढले ते इथल्या कोर्टांत. निर्णय जिथे होतो तिथे स्थानिक मॅनेजरचाही आवाज पोचत नाही. म्हणून तुझ्या साहेबाला करारात काय कबूल करायचा अधिकार आहे आणि कशासाठी जर्मनीला मेल करावा लागतो, हे आधीच काढून ठेव. नाहीतर बोलणी महिनोन्‌महिने चालतील आणि कामगार तुला खोटी ठरवतील.

आणि लाइनवरची कंत्राटी, ट्रेनी पोरं. पर्मनंटांच्या शेजारी उभी राहून तेच काम करतात. युनियनच्या करारात त्यांचं नाव नसतं, सर्व्हेची लिंकही त्यांना जात नाही. चाकणमध्ये सगळ्यात गप्प माणसं तीच. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसून जेवत जा, मात्र हातात वही नको.

या सोमवारी एवढं कर: आयआरच्या (औद्योगिक संबंध विभागाच्या) कपाटातून मागचे करार आणि तक्रार समितीच्या बैठकांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, काढ. वर्षभरात एकही तक्रार नोंदलेली नसेल तर कारखाना सुखी आहे असं समजू नकोस. समितीत कुणाला कसं निवडलं, ते विचार आणि मला फोन कर.

तुझा,
काका