आधी लेबल वाचा, सिस्टर

"मॅडम, माझा विश्वासच कमी पडतोय का हो?"

पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारी माणसं बहुतेक जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली, संडे स्कूलपासून वचनं पाठ असलेली. कुणाला मूल नाही, कुणाची नोकरी गेलीय, कुणाच्या घरात आजारपण आहे. आणि मोबाईलवर कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की तुमच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप आहे. विश्वासाने 'बीज पेरा', म्हणजे पैसे पाठवा, की तुटेल. पैसे जातात, आजार राहतो. मग चूक कुणाची? ऐकणाऱ्याच्या विश्वासाची. सांगणारा या हिशोबात कधीच तोट्यात येत नाही.

त्यातल्याच एक निवृत्त नर्स. त्यांना इथे सिस्टरच म्हणते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणींच्या हकिकती एकीत घातल्यात. पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेल्या, 31 वर्षं वॉर्डात काढलेल्या. मुलीने जवळजवळ ओढूनच आणलं होतं, कारण आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. उपाशीपोटीची साखर 268.

"गोळी घेतली की प्रभूवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं," सिस्टर म्हणाल्या. "त्याला बसलेल्या मारानं तुम्ही निरोगी झाला आहात, असं वचनच आहे ना?"

मुलगी म्हणाली, "आई, तू अडाणी आहेस का?" मी तिला बाहेर बसवलं. घरच्यांनी हसणं किंवा ओरडणं म्हणजे त्या मोबाईलवाल्याचं काम सोपं करणं. 'घरचेच विरोध करतील' हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

त्या दिवशी विश्वासाचा विषय मी काढलाच नाही. आधी डॉक्टर, मग मी, एवढंच म्हटलं. हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. सिस्टर डॉक्टरांकडे जाऊन आल्या, कुरकुरत का होईना गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा आम्ही बोलायला बसलो.

"सिस्टर, वॉर्डात कपाटातून औषध काढताना काय करायचात?"

"लेबल वाचायचं. तीनदा. काढताना, भरताना आणि परत ठेवताना." उत्तर तोंडपाठ होतं.

"बाटली रोजच्या ओळखीची असली तरी?"

"तरीही. आणि आधी पेशंटचं नाव. औषध बरोबर, पण पेशंट चुकीचा, म्हणजे ते विषच की."

मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "मग या वचनाचं लेबल वाचा."

पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय 2. त्यांनी 18व्या वचनापासून बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली फिरणारं ते बोट मला अजून दिसतं; नख अगदी बारीक कापलेलं, वॉर्डातल्यासारखं. पत्र चाकरांना लिहिलेलं, अन्यायाने मार खाणाऱ्यांना. 24व्या वचनाशी बोट थांबलं. ख्रिस्ताने आपली पापं स्वतःच्या देही वाहून वधस्तंभावर नेली, कशासाठी, तर आपण पापाला मरून नीतीसाठी जगावं म्हणून. मार आणि निरोगी होणं त्याच्या पाठोपाठ येतं.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तो नेहमी शेवटचंच वाक्य म्हणतो," त्या हळूच म्हणाल्या. "वरचं कधी वाचलंच नाही त्याने."

देव बरं करत नाही, असं मी कुणालाच सांगत नाही. आजाऱ्यांसाठी मीही प्रार्थना करते. पण तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर प्रेषित पौलाने त्याचा विश्वास काढला नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. त्रफिम या सोबत्याला पौल मिलेत शहरात आजारीच सोडून आला. शापाचं म्हणाल, तर बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबतात, ही म्हणच देवाने यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात बंद करून टाकली. पुढचे चार आठवडे आम्ही असंच पूर्ण वाचत गेलो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणलं; ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून पूर्ण झालं. शंभर वर्षांनी त्यांच्याच पुण्यातल्या बायका अर्धं वचन मोबाईलवर ऐकून औषधं बंद करतात, याचा मला राग येतो. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, घराजवळ पाळक आहेत. त्यांना विचारायला मात्र आपल्याला संकोच वाटतो.

एवढ्याने झालं असं मला वाटलं होतं. नव्हतं झालं.

"डोक्याला पटतं," सिस्टर म्हणाल्या, "पण रात्री तीनला जाग येते. पैसे बंद केले म्हणून मुलीला काही झालं तर?"

इथे माझी चूक झाली. उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, वही करा, रोज रात्री लिहा, असं मी सांगून टाकलं. पुढच्या वेळी वही उघडली तर आत: 'साखर 110 होणार म्हणून तुझे आभार. जावयाला बढती मिळणार म्हणून आभार.' आभारसुद्धा पेरून झाले होते! उपकारस्तुतीचंही बीज झालं होतं, आणि ते पेरायला मीच सांगितलं होतं.

विचार करता एक साधी गोष्ट सुचली आणि ती सुचल्याचा मला आजही आनंद आहे. म्हटलं, "सिस्टर, फक्त भूतकाळात लिहा. घडून गेलेलं. त्या माणसाला पहिला रुपया पाठवण्याआधीचं."

पुढच्या आठवड्यात वहीची अकरा पानं भरून आली, ड्यूटीच्या रिपोर्टसारखी, तारीख-वार घालून. मुलगी सातव्या महिन्यात जन्मली आणि जगली. नवरा गेला त्या रात्री मंडळीतल्या बायका स्वयंपाक करून बसून राहिल्या. शेवटच्या पानावर होतं: 'हे सगळं मी काही न देता मिळालं.'

मग आम्ही कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढला. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातल्या लायकस नदीच्या खोऱ्यातलं गाव. तिथल्या विश्वासणाऱ्यांना कुणीतरी ख्रिस्ताखेरीज आणखी काही हवं म्हणून घाबरवत होतं: हे खाऊ नका, तो सण पाळा, देवदूतांची उपासना करा. तुरुंगातून पौल लिहितो, त्याच्यात मुळावा, शिकवलंय त्यात दृढ व्हा, उपकारस्तुतीने भरून वाहा. आणि लगेच पुढे, पोकळ भुलथापांनी कुणी तुम्हाला धरून नेऊ नये. मी ही वचनं कितीदा वाचली असतील, पण उपकारस्तुती त्या इशाऱ्याला अशी चिकटून का बसलीय, हे मला त्या वहीने दाखवलं. शास्त्राच्या योग्य शिकवणीने खोटं ओळखता येतं. पण भीती येते ती आपल्याला काही मिळालेलंच नाही, या भावनेतून. जे हातात आहे ते मोजलेलं असलं, की तेच पुन्हा कुणी विकायला आलं तर माणूस पाकीट काढत नाही.

14व्या वचनात आपल्याविरुद्धचं कर्जखत खोडून वधस्तंभाला ठोकल्याचं येतं. सिस्टर तिथे बराच वेळ थांबल्या. "म्हणजे मी फिटलेल्या कर्जाचे हप्ते भरत होते," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, बोलले काही नाही.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा साखर 138 होती. 'गोळी घेताना आता उपकार मानते,' म्हणाल्या. बोलता बोलता पर्समधला फोन वाजला. प्रार्थना ग्रुपवरचा मेसेज: आजचं बीज 1,100 रुपये, शाप तुटेल. सिस्टरनी चष्मा लावला, फोन जरा लांब धरला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"वचनाचा पत्ता नाही," त्या म्हणाल्या. "पेशंटचं नावही नाही. डोस तेवढा लिहिलाय."