शिकवायचं कोणी, आणि कोणाच्या टायमात?

या वेळी आलेल्या मेलपैकी बरेच एकाच विषयावर आहेत, मेंटॉरिंग, म्हणजे अनुभवी माणसाने नव्याला हाताशी धरून शिकवणं. त्यातले तीन घेतोय. पहिल्याला जरा लांब उत्तर दिलंय कारण तिथे गुंता जास्त आहे.

प्रश्न : भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी आणि दोन व्हीएमसी (धातू कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), कंत्राटी धरून ४० माणसं. आयटीआय झालेली पोरं घेतो, जरा हात बसला की दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला पळतात. आमचा सीनियर ऑपरेटर म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण पोरांना काही सांगेल तर शपथ. विचारलं की म्हणतो, बघून शिका. आता मित्र म्हणतोय मेंटॉर नेम. मला तर हे मोठ्या कंपन्यांचं फॅड वाटतं. आम्ही ट्रेन करायचं आणि दुसऱ्यांना तयार माणसं पुरवायची का?

आधी तुमच्या सीनियरचं बघू, कारण खरी गोची तिथेच आहे. तो खडूस आहे म्हणून सांगत नाही असं तुम्ही धरून चाललाय. पण त्याच्या बाजूने विचार करा ना, शिफ्ट संपल्यावर त्याला काय विचारलं जातं? किती पीस निघाले. तो अर्धा तास पोराच्या मशीनपाशी उभा राहिला तर काउंट कोणाचा पडणार? त्याचाच. सुपरवायझरची बोलणी कोण खाणार? तोच. वर मनात ही भीती की पोरगं कमी पगारात हेच काम करायला लागलं की मालकाला माझी काय गरज. अशा माणसाने तोंड उघडावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

तेव्हा मेंटॉर नेमायचा तर तोंडी नको. ज्या दिवशी तो शिकवणार त्या दिवशीचं टार्गेट तेवढं कमी धरा आणि ते प्लॅनिंगच्या बोर्डवर लिहा, म्हणजे सुपरवायझरलाही दिसेल. महिन्याला काहीतरी अलाउन्स द्या, थोडा का होईना. आणि पोरं तयार झाली तरी तुमची जागा पक्की आहे, उलट सेटिंगचं, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी लावून देण्याचं, अवघड काम आता तुमच्याकडे जास्त येणार, हे मालक म्हणून तुम्ही स्वतः त्याला सांगा. एचआरवाल्याच्या तोंडून नको.

आता "बघून शिका"चं. पातळ भिंतीचं बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, घ्या. नव्या पोराने जॉब चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरला, बोअर (आतलं भोक) फिनिश केला, मशीनवरच गेज लावला, साइज ओके. चकचे जॉ (जबडे) उघडून जॉब हातात घेतला तर बोअर गोलच नाही, कारण दाबून धरलेला असताना तो गोल कापला गेला आणि दाब सुटल्यावर मूळच्या आकाराकडे परत गेला. तुमचा सीनियर काय करतो? फिनिशिंगच्या आधी चकचं प्रेशर उतरवतो, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) त्या जॉबच्या डायमीटरला बोअर करून घेतो म्हणजे पकड सगळीकडून सारखी बसते. हे तो इतक्या सहज करतो की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतही नसेल. पोराला फक्त एवढं दिसतं की काकांचा हात प्रेशरच्या नॉबकडे गेला, का गेला ते नुसतं बघून कळत नाही. मग तो रिजेक्शनचा ढीग लावणार आणि तुम्ही म्हणणार हल्लीच्या पोरांना इंटरेस्टच नाही.

यावरचा इलाज जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये अनुभवी कामगारांचा तुटवडा पडला, नवीन माणसं पटापट तयार करायची होती, तेव्हा तिथल्या सरकारने १९४० साली ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि १९५१ मध्ये टोयोटाने उचलला. त्यात सोपी पद्धत आहे, कागदावर तीन रकाने : काय करायचं, ते करताना कुठे सांभाळायचं आणि का. आधी जुन्याने करून दाखवायचं, मग नव्याने करायचं, पण तोंडाने बोलत, "प्रेशर कमी करतोय, कारण..." असं. आणि कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, असं ते धरून चालायचे. आपल्याकडे नेमकं उलटं धरतात.

तुमच्या सीनियरला लिहायला बसवू नका बरं का, वैतागेल. त्याने बोलायचं, पोराने लिहायचं आणि वाचून दाखवायचं. पाच-सहा जॉबचे असे कागद झाले तरी भरपूर आहे.

राहिलं पळून जाण्याचं. काही जण जाणारच, ते थांबवता येत नाही, आणि ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवण्याचे प्रकार तर अजिबात करू नका. पण एकदा बघा, गेलेल्यांपैकी किती जण स्वतः सेटिंग करायला लागले होते आणि पगार मात्र हेल्परचाच होता? पहिला ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) स्वतः टाकला, फर्स्ट पीस पास झाला की पगार इतका वाढणार, हे आधीच ठरवून सांगितलं तर दोन हजारांसाठी भोसरी ते चाकण रोजची ट्रॅफिक खायला सगळेच तयार होत नाहीत.

आणि एक, तुमची इच्छा असो नसो, ३० किंवा जास्त माणसं असली की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के. ४० माणसांत म्हणजे एक ते सहा. २०१६ पासून केंद्राची योजना पण आहे, स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं अशी ती सुरू झाली. पोरं घ्यायचीच आहेत तर त्यांना वर्षभर नुसतं लोडिंग-अनलोडिंगला जुंपण्यात काय मिळतंय?

प्रश्न : हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत जॉइन होऊन सहा महिने झाले. मेंटॉर दिलाय पण महिन्यातून एकदा कॉल, "ऑल गुड ना?", मी म्हणते हो सर, कॉल संपला. बहुतेक काम घरूनच. मला काहीच शिकायला मिळत नाहीये.

"ऑल गुड ना"ला "हो सर" हेच उत्तर येणार, दुसरं काय. तू कॉलला एक गोष्ट घेऊन जा, एकच. उदाहरणार्थ तुझा कोड रिव्ह्यूत परत आला, कमेंट आली "हे वेगळं कर", तू निमूट केलंस आणि विषय संपला. तेच उघड आणि विचार की सर, माझं चालत होतं, मग का बदलायला लावलं. दुसरं म्हणजे प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीमला, काही फाटलं की त्यांना म्हण, स्क्रीन शेअर ठेवा, मी म्यूटवर बसते. लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदींमध्ये) आधी कुठे बघतात, कोणती शंका कशी बाद करतात, हे ऑफिसमध्ये शेजारी बसून आपोआप कळायचं, घरून काम करताना ते मागून घ्यावं लागतं. आणि हाच माणूस तुझं अप्रेझल लिहिणार असेल तर मला हे येत नाही असं तू त्याला मोकळेपणाने सांगणार नाहीस, साहजिक आहे. मग मॅनेजरकडे दुसऱ्या टीममधलं कोणीतरी माग.

प्रश्न : सरकारी बँकेत क्लार्क आहे, रिटायरमेंटला दोन वर्षं. साताऱ्याच्या आमच्या ब्रँचला २६ वर्षांची नवीन ऑफिसर आलीये, मॅनेजर म्हणतात तिला तयार करा. ती माझी साहेब, तिला मी काय शिकवणार? आणि मोबाइल अ‍ॅपचं मलाच तिला विचारावं लागतं.

मग विचारा की! अमेरिकेतल्या जीई कंपनीचा प्रमुख जॅक वेल्च, त्याने १९९९ मध्ये आपल्या शेकडो बड्या अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकायला ज्युनियर पोरांकडे पाठवलं होतं, तुम्ही तर काउंटरशेजारीच बसलाय. हॉलमध्ये लोकांसमोर तिला मॅडमच म्हणा आणि तिथे चूक दाखवू नका, दुपारी गर्दी ओसरली की सांगा. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीच्या दाखल्याला येतात, निम्म्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. फोनवर चेहऱ्याने दाखला कसा निघतो ते ती तुम्हाला दाखवेल. आणि कोणते आजोबा अंथरुणाला खिळलेत, कोणाच्या सुनेला फोन करावा लागतो, कोण वर्षानुवर्षं दुसऱ्याच सहीने फॉर्म भरून देतं, ते तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार? या नोव्हेंबरच्या आधी ती यादी दोघं मिळून करायला घ्या.