माळात नांगर घालण्याआधी

प्रश्न (पारनेर तालुका): चार एकर मुरमाड माळ दरवर्षी गवतासाठी राखतो. पूर्वी दिवाळीनंतरच्या कापणीवर उन्हाळा निघायचा, आता होळीआधीच गंजी संपते. सगळीकडे कुसळी गवत झालं आहे. नांगरून नवं बी टाकावं, की युरियानं भागेल? माळ जाळला तर?

उत्तर: नांगर नको. वीतभर मातीखाली मुरूम असेल, तर नांगरलेली माती पहिल्या एक-दोन जोरदार पावसांतच ओघळीला लागते. असलेल्या गवताची मुळंच ती धरून आहेत.

जाळणं तर मुळीच नको. कुसळीचं बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. कुसळ पीळ सोडत फिरायला लागतं. या फिरण्यानंच बी मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. वर पडलेलं बाकीच्या गवतांचं बी जळून जातं. जाळलेला माळ हिरवा फुटतो खरा, पण त्यात कुसळीचाच भरणा होतो. पवन्या, डोंगरी ही गवतं जनावरं आवडीनं खातात, त्यामुळे पावसाळ्यात चराई झाली की ती बी धरायच्या आतच खुडली जातात. माळ बिघडला तो इथे.

आता पुनर्पेरणी. मे महिन्यात उताराला आडव्या, दोन-अडीच फुटांवर उथळ काकऱ्या पाडा, मधलं गवत तसंच ठेवा. जूनचा चांगला पाऊस झाल्यावर एकरी 2 किलो पवन्या किंवा अंजन गवत आणि 2 किलो स्टायलो (शेंगवर्गीय चारा) पेरा. गवताचं बी हलकं, वाऱ्यावर उडणारं, म्हणून ओलसर मातीत कालवून टाका आणि वरून जेमतेम 1 सेंटिमीटर माती ओढा. खोल गेलेलं बी उगवत नाही. अंजनाचं ताजं बी नीट उगवत नाही, मागच्या हंगामातलं घ्या. स्टायलोच्या बियांचं कवच टणक असतं, त्या 80 अंशांच्या गरम पाण्यात 4 ते 5 मिनिटं ठेवून मग पेरा. उकळतं पाणी नको. सखल, ओल टिकणाऱ्या जागी मारवेल गवताचे मुळांसकट ठोंब लावा.

माती परीक्षण आधी करा. साधारणपणे एकरी 75 किलो सिंगल सुपर फॉस्फेट काकऱ्यांत पडलं की स्टायलोला उभारी येते. पहिल्या वर्षी युरिया टाकलात तर तो कुसळीच खाईल. माळ सुधारला की पुढच्या वर्षापासून एकरी 35 किलोपर्यंत, दोन हप्त्यांत, जमिनीत ओल असताना द्या. पहिल्या वर्षी एकही जनावर आत सोडू नका, शेळी तर नाहीच. गवत कापूनच घाला.

कापणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उत्पन्न तिथेही जातं. दिवाळीनंतर कापलेलं गवत म्हणजे नुसतं काड. जनावराचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. निम्मं गवत फुलोऱ्यात आलं की 10 ते 15 सेंटिमीटर बुडखा ठेवून कापा. कुसळीचे पट्टे कुसळं पक्व होण्याआधीच उरका, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात रुततात. अडचण परतीच्या पावसाची आहे. सगळा माळ एकदम आडवा करू नका, उघडीप बघून थोडं थोडं कापा आणि पाऊस हटत नसेल तर हिरवंच खायला घाला. अर्धवट वाळलेलं गवत गंजीत रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं.

चारपैकी एक एकर, जिथे चांगलं गवत जास्त आहे तो, बी झडेपर्यंत कापू नका. पुढच्या वर्षी दुसरा राखा. विकतचं बी कितीही आणलं तरी माळ भरतो तो या झडलेल्या बियांनी.

बियाण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फेब्रुवारी-मार्चमध्येच चौकशी करा. मृगाच्या तोंडावर दुकानात मका आणि कडवळाचं बी मिळेल, पवन्याचं मिळणं कठीण.