नौपाड्यात जुनी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलणारी) स्वस्तात मिळतेय, पण पेडल सोडल्यावर सूर चढाच राहतो. घ्यावी का?

घ्या, चेंजरची (पेडल दाबल्यावर तार ताणून सूर बदलणाऱ्या यंत्रणेची) तार धरणारी बोटं तुटलेली नसतील तर बिनधास्त घ्या. माझ्या गिटारचंही हेच दुखणं होतं: चेंजरमध्ये जुनं तेल सुकून गोंदासारखं झालेलं, त्यात पेडलकडून चेंजरला येणाऱ्या सळईच्या टोकाचा नायलॉन नट जास्त आवळलेला. नट थोडा सैल करा. पेडल न दाबता सळई किंचित खुळखुळली पाहिजे. मग चिकटा लायटर फ्लुइडने धुऊन (खिडकी उघडी, गॅस बंद) शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. ई९ या तिच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहसा पहिलं पेडल पाचवी तार बीवरून सी शार्पला नेतं आणि सोडताच बीवर आणतं, ट्यूनर लावून बघा. मात्र बोट तुटलं असेल तर सुटा भाग बहुधा परदेशातूनच मागवावा लागेल, मग स्वस्ताई कसली!