अणू म्हणजे ॲटम की मॉलिक्यूल?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी नववीत आहे, चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्रजीत, आणि पुस्तकातलं डोक्यात शिरलं नाही की ती हिंदी व्हिडिओ लावून बसते. तसाच एक व्हिडिओ बघून तिने वहीत लिहिलं, "ऑक्सिजनचा अणुभार ३२". ताईंना त्यांच्या वेळचा १६ पक्का आठवतोय. आता घरात वाद, कोणाचं खरं?

ताई, तुम्ही दोघी बरोबर आहात, फक्त तुम्ही मराठीत बोलताय आणि ती हिंदीत. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. ऑक्सिजनच्या एका ॲटमचं वस्तुमान १६, पण हवेतला ऑक्सिजन दोन-दोन ॲटमच्या जोडीने फिरतो म्हणून मॉलिक्यूलचं ३२. म्हणजे हिंदीतला "अणु भार ३२" आणि आपला "अणुभार १६, रेणुभार ३२" हे एकच गणित आहे. आवर्तसारणीत, म्हणजे पिरिऑडिक टेबलमध्ये, ऑक्सिजनच्या चौकटीत मात्र १६च दिसणार, बारकाईने बघितलं तर १५.९९९, कारण ते टेबलच मुळी ॲटमचं आहे, मॉलिक्यूलला तिथे जागाच नाही.

पेपरातही हा फरक रोज दिसतो. कारवारजवळचा कैगा प्रकल्प मराठी पेपरात अणुऊर्जा प्रकल्प असतो, हिंदी बातमीत परमाणु बिजलीघर. मुंबईचं भाभा केंद्र आपल्याकडे अणुसंशोधन केंद्र, हिंदीत परमाणु अनुसंधान केंद्र. बोलताना हिंदीवाले अणु बम असंही सर्रास म्हणतात, म्हणजे तोंडी भाषेत तिकडेही सरमिसळ आहेच, पण पाठ्यपुस्तकात ते शब्द काटेकोर वापरतात आणि मुलांचे मार्क पाठ्यपुस्तकावर असतात.

आता हे असं का झालं? दोन्ही भाषांनी शब्द घेतले ते आपल्या जुन्या दर्शनांतून, मुख्य म्हणजे कणादांच्या वैशेषिकातून, पण प्रत्येकीने वेगळं टोक धरलं. तिथे सगळ्यात लहान, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो परमाणू. दोन परमाणू मिळून द्व्यणुक. तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू म्हणतात, आणि तो डोळ्यांना दिसणारा पहिला कण. कसा दिसतो तेही सांगून ठेवलंय, झरोक्यातून आलेल्या उन्हात जे तरंगताना दिसतात ते. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांत एखादं काचेचं कौल असतं ना, त्याखाली सकाळी दहाच्या सुमाराला उभं राहा, उन्हाचा तिरका पट्टा पडतो आणि त्यात कण वरखाली करत असतात, तोच तो त्रसरेणू. रेणू म्हणजे मुळात धूळच. हिंदीने "सगळ्यात लहान तो परमाणु" हे धरून ठेवलं. मराठीने द्व्यणुकातला अणू घेतला, कारण दोन परमाणूंच्या जोडीला द्व्यणुक म्हणतात म्हणजे तिथे परमाणूलाच अणू म्हटलंय, आणि त्याहून मोठा तो रेणू. मला स्वतःला मराठीची जोडी जास्त आवडते, अणू आणि रेणू हे कानाला लगेच वेगळे लागतात, शिवाय "अणुरेणूत भरलेला" हे आपण भजन-कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलोय.

आणि मुलीला जरूर सांगा, या बाबतीत युरोपातले मोठमोठे केमिस्टही पन्नासेक वर्षं अडकून पडले होते. इटलीच्या अव्होगाद्रो या शास्त्रज्ञाने १८११ मध्येच सांगितलं होतं की वायूचे कण जोडीने असू शकतात, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही. त्यामुळे ऑक्सिजन कोणी ८ धरायचा कोणी १६, कार्बन कोणी ६ कोणी १२, पाणी कोणाचं एचओ तर कोणाचं एचटूओ. केकुले या जर्मन केमिस्टने १८६१ च्या आपल्या पुस्तकात व्हिनेगरमधल्या असेटिक ॲसिडची तेव्हा चालू असलेली तब्बल १९ वेगवेगळी सूत्रं मांडून दाखवली होती! हा गोंधळ मिटवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे सगळे जमले, तिथे कानिझारो या इटालियन केमिस्टने अव्होगाद्रोचा मुद्दा पुन्हा मांडला आणि ॲटम वेगळा, मॉलिक्यूल वेगळा, दोघांची वजनं अशी काढायची हे नीट समजावलं. ऐकायला बसलेल्यांत २६ वर्षांचा रशियन केमिस्ट मेंडेलीव्ह होता. वजनं एकदा नीट मिळाली तेव्हाच मूलद्रव्यं क्रमाने लावता आली, आणि १८६९ मध्ये त्याची आवर्तसारणी आली. म्हणजे १६ आणि ३२ चा घोळ सुटला नसता तर ते टेबल जमलंच नसतं.

जाता जाता याच टेबलातला आणखी एक शब्द, तोही फसवतो. क्षार. आपण बोअरवेलच्या पाण्यात क्षार आहेत म्हणतो तेव्हा सॉल्ट म्हणायचं असतं, पुस्तकी मराठीतही क्षार म्हणजे सॉल्टच. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण, आणि क्षार म्हणजे अल्कली. त्यामुळे सोडियम, पोटॅशियमवाला पहिला ग्रुप हिंदी व्हिडिओत "क्षार धातु" असतो आणि मराठीत "अल्क धातू". आणि तत्व म्हटलं की तिकडे एलिमेंट, आपल्याकडे मूलद्रव्य, कारण मराठीत तत्त्व म्हणजे प्रिन्सिपल.

तिचा पेपर इंग्रजीत आहे, तेव्हा तिथे ॲटमिक मास १६ आणि मॉलिक्युलर मास ३२ लिहायचं, त्यात काही अडचण नाही. घरी समजावताना तुम्ही बिनधास्त अणू-रेणू वापरा, मराठी सोडायची गरज नाही. फक्त व्हिडिओ लावल्यावर त्यात "परमाणु" शब्द येतो का तेवढं ऐकायला सांगा. आला तर त्या व्हिडिओतला प्रत्येक "अणु" आपला रेणू समजायचा. आणि वहीतला तो ३२ खोडू नका, अणुभारच्या जागी रेणुभार लिहिलं की झालं.