पायाळू माणसावर वीज पडते का? ढग गरजले की माझे हातपाय गळतात, वावरात असताना काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही पायाळू आहात, म्हणजे जन्मताना तुमचे पाय आधी आले, लग्न होऊन वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आलात, आणि ढग गरजायला लागले की सासूबाई तुम्हाला लेकरांपासून लांब, छपरीच्या कोपऱ्यात बसवतात. वावरात असलात तर बाकीच्या बाया तुमच्यापासून सरकून उभ्या राहतात. भीती लहानपणापासून होतीच, आता तुमच्यामुळे दुसऱ्यांवर वीज पडेल हा घोर वरून लागला.

पायाळूचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही.

वीज खाली उतरते तेव्हा आसपास उंच काय आहे, मोकळ्यात एकटं काय उभं आहे आणि जमिनीत जायला सोपी वाट कुठून आहे, यावर ती कुठं पडणार ते ठरतं. जन्मताना तुमचं डोकं आधी आलं की पाय, याचा तिथं काही संबंधच नाही. दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत तीन-चार लेकरं पायाकडून किंवा ढुंगणाकडून येतातच. म्हणजे प्रत्येक गावात पायाळू माणसं आहेत, त्यांनी जन्मभर वावरं केली आणि म्हातारी होऊन गेली. आमच्या गावात उसण भरली की लोक पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायला जातात, विहीर खणायची तर त्यालाच आधी वावरात फिरवतात. आणि तोच माणूस ढग आले की दूर बसायचा. मला याचा फार राग येतो, कारण यात नुसता अपमान नाही, जिवाला धोका आहे. छपरी म्हणजे तीन बाजूंनी उघडी जागा, वर टिन, खाली ओली जमीन. घरातली सगळ्यात वाईट जागा तुम्हाला देतात. सासूबाईंशी बोलायची हिंमत होत नसेल तर तुमच्या मालकांना हे उत्तर वाचून दाखवा. ढग गरजत असताना तुमची जागा सगळ्यांच्या सोबत, आतल्या खोलीत आहे.

आता भीतीचं. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे सात एकर करतो. मी अकरा वर्षांचा होतो, मृग लागला होता, बाबांची तिफण सुरू होती. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून काळं चढून आलं. बाबांनी बैल सोडले आणि धुऱ्यावरच्या निंबाखाली बांधले, पाणी लागू नये म्हणून. स्वतः विहिरीवर दोर आणायला गेले. मी खोपडीत, म्हणजे वावरातल्या झोपडीत होतो. उजेड आणि आवाज एकदमच आला, मधे श्वास घ्यायलाही सवड नव्हती. बाबा विहिरीच्या काठावर पडलेले दिसले, मग गुडघ्यावर उठलेले दिसले. बैल मात्र उठले नाहीत. मोऱ्या आणि लाल्या, दोघंही एकाच कुशीवर. मोऱ्याच्या तोंडात अर्धा चावलेला कडबा तसाच होता. अंगावर जखम नाही, रक्त नाही. निंबाच्या शेंड्यापासून मुळापर्यंत चार बोटं रुंद साल निघून पांढरं लाकूड उघडं पडलं होतं, आणि वास येत होता, ओलं लाकूड जळाल्यासारखा. माय रस्त्यावरूनच ओरडत आली, "इज पडली वं माय, इज पडली." बाबांना डाव्या कानानं पुढे कधी नीट ऐकू आलं नाही.

बैल का गेले आणि बाबा का वाचले, हे मला फार उशिरा समजलं. वीज थेट अंगावर पडून मरणारी माणसं थोडी असतात. झाडावर पडली की ती झाडातून जमिनीत उतरते आणि मुळांच्या आसपास पाण्यात दगड टाकल्यासारखी पसरते. बुंध्याजवळ जोर जास्त, लांब कमी. बैलाचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर. एका पायाखाली जोर जास्त, दुसऱ्याखाली कमी, मग करंट एका पायातून चढतो, छातीतून जातो आणि दुसऱ्यातून उतरतो. म्हणून गुरं एका झाडाखाली सगळीच्या सगळी मरतात. शिवाय झाडाच्या बुंध्याशी माणूस उभा असेल तर वीज झाडातून त्याच्या अंगावर उडी घेते. लाकडापेक्षा आपलं शरीर तिला सोपं जातं. पाऊस चुकवायला झाडाखाली जाण्याची आपली जी पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे, तीच आपल्या भागात सगळ्यात जास्त जीव घेते. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं विजेनं मरतात, आणि त्यातली बहुतेक आपल्यासारखी वावरात राबणारी असतात.

त्या दिवसानंतर आठ-नऊ वर्षं मी ढग गरजले की आतल्या खोलीत पोत्यांच्या मागे जाऊन बसायचो. हात थंड पडायचे, पोटात गोळा यायचा. कुणी म्हणायचं पोराला बाहेरचं काही झालं, कुणी दोरा बांधला. माझी भीती पूर्ण गेली नाही, आजही नाही. पण तिच्या हाताला काम दिल्यावर ती अंगावर यायची थांबली. काम म्हणजे मोजणी. वीज चमकली की मी मनात म्हणतो, एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. एका विठ्ठलाला साधारण एक सेकंद लागतो. उजेड लगेच दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. नऊ विठ्ठल झाले आणि गडगडाट आला, तर ती तीन किलोमीटरवर पडली. पुढची मोजली आणि पंधरा झाले, तर ढग लांब जाऊन राहिले. सहा झाले, तर येऊन राहिले. नुसतं बसून कापण्यापेक्षा हे मोजणं फार बरं. श्वास आपोआप हळू होतो, आणि आकाशात काय चाललंय ते आपल्याला कळतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे त्या विजेनं तुम्हाला सोडलं, ती पडून गेली, हेही मला फार धीर देतं.

घरात पक्क्या भिंतीआड बसूनही तुम्हाला छाती धडधडून गुदमरल्यासारखं होत असेल, ढग नसताना चार दिवस आधीपासून झोप उडत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, 14416 हा नंबर, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन लावायला अजिबात लाजू नका.

आता वावरातलं. इथं मी तुमची भीती कमी करायला बघणार नाही, कारण वावरात ती बरोबर आहे. फक्त ती योग्य वेळी यायला हवी. आपण सगळे पाऊस सुरू झाला की पळतो. तेव्हा उशीर झालेला असतो. वीज पावसाच्या आधी, डोक्यावर ऊन असतानासुद्धा, दहा-बारा किलोमीटर लांबच्या ढगातून येऊन पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला, मोजणी तीसच्या आत आली, की निघायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत बाहेर पडायचं नाही.

सोयाबीनच्या सोंगणीतली एक दुपार सांगतो. ऑक्टोबर होता, बारा बाया होत्या, चार वाजले होते. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन, पण नेरच्या बाजूला ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढलेले. एक बारीक गडगड ऐकू आली. मी म्हटलं, विळे ठेवा, चला. एक मावशी म्हणाली, "अवो भाऊ, पानी कुठं हाय? एवढी पात होऊ द्या." मी हट्टच धरला. विळे धुऱ्यावर ठेवून सगळ्या निघालो, गावातल्या शाळेच्या स्लॅबखाली जाऊन बसलो. पाऊस आला, विजाही कडाडल्या. त्या दिवशी माझ्या वावरात काही पडलं नाही. बायांची मजुरी मी पूर्ण दिली, गंजी अर्धी भिजली, शेंगांना कोंब आले, नुकसान झालं. तरी पुढच्या वर्षीही मी तेच केलं. कारण आपल्याकडे त्या गंजीपायीही माणसं जातात. वर्षाची कमाई उघड्यावर पडलेली असते, ढग दिसला की नवरा-बायको ताडपत्री घेऊन वावराकडे धावतात आणि सपाट रानात तेच दोघं सगळ्यात उंच उभे असतात. ताडपत्री दुपारी जेवायच्या आधीच गंजीवर टाकून, कडेला दगड ठेवून द्या. संध्याकाळी धावायची वेळच येऊ नये.

मे-जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढग बहुधा दुपारनंतरच उठतात. गावापासून लांबच्या वावरातलं निंदण-डवरण सकाळी उरकून घ्या, दुपारी जवळच्या वावरात राहा. मोबाईलमध्ये दामिनी हे अॅप टाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते काढलंय, तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते दाखवतं. मोबाईल जवळ असल्यानं वीज पडते ही नुसती अफवा आहे. चार्जरला लावलेला मात्र कानाला लावू नका.

वावरात अडकलातच तर झाडापासून, विजेच्या खांबापासून, विहिरीपासून दूर. तारेच्या कंपाउंडला आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला तर हातच लावू नका. वीज लांब पडली तरी तारेतून येते. मोटार बंद करायला स्टार्टरकडे जाऊ नका, जळाली तर जळू द्या. बैल बंडीचे असोत की डवऱ्याचे, सोडून द्या, झाडाला बांधू नका. टिनाचं बंद टप असलेली गाडी किंवा जीप जवळ असेल तर काचा लावून आत बसा. कापडी टपाचा ऑटो, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर यांचा काही उपयोग नाही. खोपडीचाही नाही. काहीच नसेल तर खोलगट जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, कान झाका, डोकं गुडघ्यात. आडवं पडू नका. यानं धोका कमी होतो, जात नाही, म्हणून हे शेवटचं. आणि बायांनी घोळक्यात चिकटून बसू नये, एकमेकींपासून पंधरा-वीस पावलं लांब बसावं, म्हणजे एकीला लागलं तर दुसरी तिला वाचवायला शिल्लक राहते. हे सगळ्यांसाठी आहे. तुम्हाला एकटीला लांब करण्यात काही अर्थ नाही.

घरात असाल तर स्लॅबचं घर सगळ्यात चांगलं. कवेलूचं किंवा टिनाचं असेल तर शेजारी कुणाचा स्लॅब आहे ते आधीच बघून ठेवा, तोंडावर आलं तर जायला हवं. नाहीतर खोलीच्या मधोमध, लाकडी बाजेवर पाय वर घेऊन बसा, भिंत, खिडकीचे गज आणि वायर यांच्यापासून लांब. टीव्हीची केबल वादळ यायच्या आधीच काढा. नळावर भांडी आणि आंघोळ नंतर.

आणखी एक, आणि हे गावात जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगा. आमच्या शेजारच्या गावात बकऱ्या चारणाऱ्या एका पोराला वीज लागली. अंगात करंट राहतो म्हणून कुणी त्याला शिवलं नाही, मग कुणीतरी शेणात पुरायला सांगितलं. अर्धा तास त्यातच गेला, आणि पोरगं गेलं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. वीज हृदय थांबवते, पण ते पुन्हा सुरू होऊ शकतं. वर गडगडत असेल तर आधी स्वतःला सांभाळा. मग 108 ला फोन, श्वास बघा, श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांचे तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबत राहा, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. चार जणांना वीज लागली असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी जा. कण्हणारा बहुधा वाचतो. तुमच्या गावच्या आशाताईंना हे दाबायचं कसं ते करून दाखवायला सांगा.

एवढं सगळं लक्षात राहणार नसेल तर उद्या एकच करा. वावरातून जवळच्या स्लॅबच्या घरापर्यंत नेहमीच्या चालीनं किती मिनिटं लागतात ते मोजा. माझी चौदा लागतात. वादळी ढग ताशी चाळीसच्या वेगानं आला तर दहा किलोमीटर यायला त्याला पंधरा मिनिटं पुरतात. म्हणून मी मोजणी तीस विठ्ठलांच्या आत यायची वाट बघत नाही, पहिली गडगड ऐकली की विळा ठेवतो. तुमची पाच मिनिटं असतील तरी गडगड ऐकू आली की निघा. वीस असतील तर ढग नुसते चढताना दिसले तरी निघा, आणि सोबतच्या बायांनाही घेऊन निघा.