अर्थशास्त्राच्या पदवीत चौथ्या वर्षी प्रबंध लिहायचा असेल, तर तिसऱ्या वर्षापासून कोणती तयारी करावी?

तुम्ही लिहिले आहे की सध्या तुम्ही अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात आहात, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेण्याचा विचार आहे आणि प्रबंधासाठी आतापासून काय वाचावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. पात्रतेचे आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि प्रबंधाला १२ श्रेयांक असतात. त्यामुळे चालू सत्राकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

वाचनाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. गेली काही वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासतो आहे आणि वाचन कमी पडल्यामुळे अडलेले विद्यार्थी मला क्वचितच दिसले. बहुतेक जण विषय ठरवतात, प्रस्ताव मंजूर करून घेतात, मग आकडेवारी शोधायला निघतात, आणि हवी ती माहिती तालुका पातळीवर उपलब्धच नाही, हे त्यांना वर्ष निम्मे सरल्यावर कळते. म्हणून आकडेवारी आधी उघडून पाहा आणि प्रश्न त्यानंतर नक्की करा.

‘कांदा निर्यातबंदीचा शेतकऱ्यांवर परिणाम’ हा विषय अनेकांना सुचतो, पण तो एका वर्षात पेलणारा नाही. ‘डिसेंबर २०२३ च्या बंदीमुळे लासलगाव बाजार समितीतील दर किती उतरले?’ हा प्रश्न पेलण्याजोगा आहे, कारण बंदी ८ डिसेंबरला लागू झाली हे निश्चित आहे आणि अ‍ॅगमार्कनेट या बाजार समित्यांच्या दरांच्या सरकारी संकेतस्थळावर रोजची आवक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. खरी कसोटी यापुढे आहे. डिसेंबरात खरिपाच्या लाल कांद्याची आवक वाढत असल्याने बंदी नसतानाही दर उतरू शकतात. म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या दरांची नुसती वजाबाकी हा बंदीचा परिणाम नव्हे. मागील वर्षांतील त्याच आठवड्यांशी तुलना करावी, तर २०१९ आणि २०२० मध्येही सप्टेंबरात निर्यातबंदी आली होती, त्यामुळे ती वर्षे सर्वसाधारण धरता येत नाहीत. शिवाय २०२३ मध्येच ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याखाली निर्यात करता येत नाही असा दर) लागू झाल्याने बंदीपूर्वीचा काळही मोकळा नव्हता. लिलाव बंद राहिलेल्या दिवसांचे रकाने रिकामे असतात. त्यांना शून्य समजले, तर सरासरीच चुकते. या अडचणी प्रामाणिकपणे मांडणारा प्रबंध मला मोठ्या निष्कर्षाच्या प्रबंधापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

साधनांपैकी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय आज्ञावली मोफत आहे. त्यात साधे रिग्रेशन (एका घटकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) आणि आलेख नीट जमले, तरी सुरुवातीला पुरे. रोजगारावर काम करायचे असल्यास नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची २०१७-१८ पासूनची कुटुंबनिहाय आकडेवारी मोफत मिळते, मात्र तिच्यातील भारांक, म्हणजे नमुन्यातील प्रत्येक कुटुंब एकूण किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते ते सांगणारे आकडे, वापरायला आधी शिका.

उन्हाळी सुट्टीत एका बाजार समितीच्या दरांचा एक आलेख काढा आणि दोन पानी टिपणासह मार्गदर्शकांकडे घेऊन जा. तो पाहून ते जे प्रश्न विचारतील, त्यांवरून तुम्हाला हंगामी दरांविषयी वाचायचे आहे की व्यापार धोरणाविषयी, हे ठरेल.